मदत हवी आहे: बाबांचं जुनं मृत्युपत्र, नवीन करावं की पुरवणी जोडावी?

नमस्कार मंडळी. बाबांनी २००६ साली मृत्युपत्र केलं आणि कपाटात ठेवून दिलं. परवा विम्याचे कागद शोधताना ते हाती लागलं. वाचलं आणि डोक्याला हातच लावला.

ज्या घराबद्दल अर्धं पान लिहिलंय, ते घर विकून आठ वर्षं झाली. मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा व्यवस्थापक म्हणून काकांचं नाव आहे, ते आता हयात नाहीत. धाकट्या बहिणीच्या मुलांचा तर पत्ताच नाही, कारण तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. आणि कडी म्हणजे, बाबांनी मध्येच कधीतरी एका नावावर पेनाने काट मारून वर दुसरं लिहिलंय. खाली सही नाही, साक्षीदार नाही. अशा खाडाखोडीला काही अर्थ नसतो, एवढं मलाही कळतं. बाबांचं म्हणणं, "मी लिहिलंय ना, मग झालं!"

बाबा ७८ वर्षांचे आहेत, बुद्धी तल्लख आहे. म्हणूनच आत्ताच करायचंय.

पुरवणी जोडली तर जुना आणि नवा कागद एकत्र वाचावा लागेल, त्यातून भांडणं व्हायची. मला वाटतं, आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द असं स्पष्ट लिहून नवीनच करावं. बरोबर ना? साक्षीदार ज्याला काही मिळणार नाही असाच घ्यायचा, हे ठाऊक आहे. पण बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलात का कुणी? जुनी प्रत फाडलीत की ठेवलीत?

आणि हो, विषय काढला की बाबा म्हणतात, "घाई झालीय का तुला?" यावर तुम्ही काय उत्तर दिलंत?