मदत हवी आहे: मोह आणि पाप यांतली रेघ मुलांना कशी दाखवू?

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघात लैंगिक शुद्धतेवर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या रविवारी बायबलमधला उत्पत्ती 39 घेतला. गुलाम असलेल्या योसेफाला मालक पोटीफरच्या बायकोने गळ घातली, तेव्हा तो वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. प्रेषित पौलही 1 करिंथ 6:18 मध्ये जारकर्मापासून पळाच म्हणतो. मुलांना पटलं. पण मागच्या बाकावरचा एकजण मोबाईल उलटा ठेवत म्हणाला, "दादा, योसेफाला दार तरी होतं. हे खिशातच असतं, पळू कुठे?" सगळे हसले, मीही. उत्तर मात्र सुचलं नाही.

दुसरी अडचण मत्तय 5:28, म्हणजे स्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, हे येशूचं वचन. मनात नुसता विचार आला तरी पाप झालं असं धरून दोघंजण प्रभुभोजनालाच (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) येईनासे झालेत. मोह होणं म्हणजे पाप नव्हे, रानात येशूलाही मोह झाला, हे सांगून झालं. वासना आधी भुलवते, मग पापाला जन्म देते, हे याकोब 1:14-15 वाचून झालं. तरी नजर गेली आणि नजर रोखून ठेवली, यातला फरक समजावायला रोजच्या जगण्यातलं उदाहरण हवंय.

कोणी असा वर्ग घेतलाय का? आपल्या वागण्याचा एकमेकांना हिशेब द्यायला दोघादोघांची जोडी लावली तर टिकते, की नुसत्या चहाड्या होतात?