मदत हवी आहे: पाण्याखाली स्ट्रोब (कॅमेऱ्याबाहेरचा वेगळा फ्लॅश) उडतो, पण फोटो अंधारा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ८-१० मीटरवर डाइव्ह करताना हा घोळ होतोय. हाउसिंगमधला (पाणी न शिरणाऱ्या पेटीतला) कॉम्पॅक्ट कॅमेरा, बाहेर एकच स्ट्रोब, जोडणी फायबर ऑप्टिक केबलने; कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड तिच्यातून स्ट्रोबच्या सेन्सरला पोचतो आणि स्ट्रोब उडतो. सुरुवातीचे पंधराएक फोटो उत्तम. मग दर तिसरा-चौथा काळा. स्ट्रोब उडालेला मला डोळ्यांनी दिसतो, पण फोटोत मागचं हिरवट पाणी तेवढं येतं आणि समोरचा मासा नुसती सावली. म्हणजे उजेड पडतोय, पण चुकीच्या क्षणी, असा माझा अंदाज.

सेटिंग: मॅन्युअल मोड, शटर १/१२५, एफ ८, आयएसओ २००. दोन फोटोंमध्ये ५-६ सेकंद थांबतो.

केबल बदलून पाहिली. नव्या, पूर्ण चार्ज केलेल्या एनआयएमएच बॅटऱ्या घातल्या. ओ-रिंग (हाउसिंगची रबरी सील) साफ केली, आत पाण्याचा थेंबही नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवरून मॅन्युअलवर आणला आणि स्ट्रोबवर प्री-फ्लॅश (मुख्य फ्लॅशच्या आधीची छोटी चमक) नसलेला मोड लावला, तरी तेच. घरी टेबलावर मात्र सलग ४० फोटो बिनचूक!

कॅमेऱ्याला हॉट-शू (बाहेरचा फ्लॅश जोडायची वरची खाच) नाही, त्यामुळे वायरचा सिंक सुचवू नका. जवळपास दुरुस्तीवालाही नाही, आणि पाऊस लागून डाइव्हिंग बंद व्हायच्या आत दोनच डाइव्ह हातात आहेत.

केबलचं टोक पाण्यात किंचित सरकत असेल, की वरून येणाऱ्या उन्हाने स्ट्रोबचा सेन्सर फसतोय? आणि यातलं नेमकं कोणतं, हे घरी बादलीत बुडवून कसं तपासू?