मदत हवी आहे: पेन फिरवायच्या ट्रिकची नावं वहीत कशी लिहू?

मंडळी, भाच्याला पेन फिरवायचा नाद लागलाय, त्याला ट्रिक वहीत उतरवून देतेय. आकडे समजले: टी अंगठा, 1 तर्जनी, 4 करंगळी. म्हणजे सॉनिक नावाच्या ट्रिकमध्ये 23-12 लिहिलं की पेन मधलं बोट आणि अनामिकेच्या फटीतून सुटून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत येतं. इथवर झकास. घोळ पुढे आहे. थंबअराउंडचं (पेन अंगठ्याभोवती फिरवायची ट्रिक) जुनं नाव फॉरवर्ड, त्याच्या रिव्हर्सचं, म्हणजे उलट फिरवण्याचं, बॅकवर्ड. दोन्ही लिहू की नवंच? हार्मोनिक म्हणजे सरळ आणि लगेच उलट, मग तिथे 23-12-23 असं पूर्ण लिहायचं का? शिवाय पोरगा डावखुरा! त्याच्यासाठी रिव्हर्सची दिशा घड्याळावरून ठरते की हातावरून? जाणकारांनी सांगा, प्लीज.