मदत हवी आहे : फ्रेंचमधील ‘कोंदिसियोनेल पासे’ आणि आपले ‘आले असते’

नमस्कार मंडळी,

डेल्फ बी२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करताना मी ‘कोंदिसियोनेल पासे’ या क्रियारूपापाशी अडले आहे. या परीक्षेत किमान 250 शब्दांचे लेखन करावे लागते. त्यात तक्रारीचे पत्र आले, तर ‘तुम्ही आधी कळवले असते, तर आम्ही वेगळी व्यवस्था केली असती’ अशा वाक्यांवाचून ते पुढे सरकत नाही. फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे.

रूप बनवण्याची पद्धत सोपी आहे. ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या सहायक क्रियापदाचे ‘कोंदिसियोनेल प्रेज़ां’मधले, म्हणजे वर्तमान संकेतार्थातले, रूप घ्यायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे ‘पार्तिसिप पासे’, म्हणजे भूतकाळी धातुसाधित, ठेवायचे. ‘बोलणे’चे उदाहरण घेतले तर झोरे पार्ले, त्यु ओरे पार्ले, इल ओरे पार्ले, नूज़ोरियों पार्ले, वूज़ोरिए पार्ले, इल्ज़ोरे पार्ले. शाळेत आपण जो संकेतार्थ शिकलो, त्याची बांधणी याहून फारशी निराळी नाही : ‘बोलले’ हे धातुसाधित आणि ‘असते’ हे सहायक क्रियापदाचे संकेतार्थी रूप. फक्त क्रम उलटा. एवढे साम्य असल्यामुळे मराठीवर कुठवर विसंबावे आणि कुठे सावध व्हावे, हाच माझा मूळ प्रश्न आहे.

पहिली शंका ‘जर-तर’ची. मराठीत ‘मला माहीत असते तर मी आले असते’ असे दोन्हीकडे ‘असते’ येते, आणि म्हणूनच आपल्या तोंडी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे ‘ओरे’ येऊ पाहते. प्रत्यक्षात ‘सि’च्या, म्हणजे ‘जर’च्या, बाजूला ‘प्ल्यूस-क-पार्फे’ (पूर्ण भूतकाळ) हवा आणि फक्त दुसऱ्या बाजूला कोंदिसियोनेल : ‘सि झावे स्यू, झ सरे वन्यू’. इथपर्यंत ठीक आहे. परंतु अट कालची आणि परिणाम आजचा असेल तर काय करावे? ‘मी शाळेत फ्रेंच शिकले असते, तर आज पाँडिचेरीत काम करत असते’ यासाठी मी ‘सि झावे आप्री ल फ्रांसे आ लेकोल, झ त्रावायरे ओझुरद्वी आ पोंदिशेरी’ असे लिहिले आहे. उलट, स्वभाव कायमचा आणि घटना जुनी असेल, जसे की ‘मी इतकी लाजाळू नसते, तर तेव्हाच होकार दिला असता’, तिथे ‘सि झेते म्वां तिमीद, झोरे आक्सेप्ते’ असे लिहिले. ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत का?

दुसरी शंका ‘आव्वार’ की ‘एत्र’ ही. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांना ‘एत्र’ लागते हे माहीत आहे. ‘सोर्तीर’सारखी क्रियापदे मात्र दोन्ही घेतात. ‘एल सरे सोर्ती’ म्हणजे ती बाहेर पडली असती, आणि ‘एल ओरे सोर्ती ला व्वात्यूर’ म्हणजे तिने गाडी बाहेर काढली असती. यावरून मला वाटले की मराठीत तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ लागला, तर फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ घ्यावे. ही कसोटी भरवशाची आहे का?

तिसरी शंका सर्वांत जास्त त्रास देणारी आहे. ‘मी यायला हवे होते’ या वाक्यात मराठीत संकेतार्थ मुळीच नाही, तरीही फ्रेंचमध्ये कोंदिसियोनेल पासे का वापरतात? आणि ‘दव्वार’ (करावे लागणे) या क्रियापदाच्या इतक्या सारख्या दिसणाऱ्या रूपांमधून नेमके कोणते निवडायचे?

शेवटचे म्हणजे, फ्रेंच बातम्यांत ‘ल स्युस्पे ओरे किते ल पेई’ अशी वाक्ये नेहमी दिसतात. ‘संशयिताने देश सोडला असता’ हा अर्थ तिथे बसत नाही. अट कुठेच दिलेली नसते. मग हे कोंदिसियोनेल कशासाठी?

उदाहरणांसह समजावून सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद १

आपली ‘सि’ची दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. फ्रेंचमध्ये दोन्ही बाजूंचा काळ एकच असला पाहिजे असे बंधन नाही. प्रत्येक बाजू आपापल्या काळाप्रमाणे चालते. फ्रान्समध्ये शाळकरी मुलांकडून ‘ले सि नेम पा ले रे’, म्हणजे ‘सि’ला ‘रे’ (कोंदिसियोनेलचा शेवट) आवडत नाहीत, असे घोकून घेतात, ते ‘सि’च्या बाजूला कोंदिसियोनेल येऊ नये यासाठी. म्हणजे दोन्हीकडे ‘ओरे’ लावण्याचा मोह खुद्द फ्रेंच मुलांनाही होतो. हा नियम मात्र अटीच्या ‘सि’पुरताच आहे. ‘तो आला असता की नाही, असा मला प्रश्न पडला होता’ अशा वाक्यात ‘सि’ प्रश्न सुचवतो, म्हणून तिथे ‘झ म दमांदे सिल सरे वन्यू’ हे शुद्ध आहे. याउलट ‘ओ का ऊ’ हा शब्दप्रयोग अटीचा असूनही कोंदिसियोनेलच मागतो : ‘ओ का ऊ इल ओरे उब्लिए’, म्हणजे ‘तो विसरला असेल तर’. इथे मराठीत ‘असता’ नव्हे, ‘असेल’ येते.

‘ने’ची कसोटी पुष्कळदा उपयोगी पडेल, पण जिन्यावर ती फसते. ‘ती जिना चढली असती’ यात ‘ने’ नाही. फ्रेंचमध्ये मात्र ‘एल ओरे मोंते लेस्कालिए’, कारण जिना हे कर्म आहे. ‘ती वर गेली असती’ या अर्थाने कर्म नसेल, तर ‘एल सरे मोंते’. ‘देसांद्र’, म्हणजे उतरणे, याचेही तसेच. दुसऱ्या बाजूने, ‘ती धावली असती’, ‘ती झोपली असती’ यांतही ‘ने’ नाही, तरीही ‘एल ओरे कुर्यू’, ‘एल ओरे दोर्मी’ असे ‘आव्वार’च लागते. तेव्हा ‘सोर्तीर’, ‘मोंते’, ‘देसांद्र’, ‘पासे’, ‘रांत्रे’, ‘रतुर्ने’ या क्रियापदांपुढे थेट कर्म आहे का, एवढेच पाहावे. ‘स लवे’सारख्या आत्मवाचक क्रियापदांना नेहमी ‘एत्र’ : ‘एल स सरे लवे’, ती उठली असती.

धातुसाधिताच्या लिंगवचनाबाबत मराठी कान फार कामाचा आहे, आणि त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. ‘त्याने खिडकी उघडली असती’ यात आपण ‘उघडली’ खिडकीशी जुळवतो. फ्रेंचमध्येही खिडकी स्त्रीलिंगीच आहे, पण ‘इल ओरे उवेर ला फनेत्र’ यात धातुसाधित बदलत नाही, कारण कर्म नंतर आले आहे. तेच कर्म आधी आले की जुळणी होते : ‘ला फनेत्र किल ओरे उवेर्त’. शेवटचा ‘त’ उच्चारात ऐकूही येतो. ‘वन्यू’सारख्या रूपांत असा फरक ऐकू येत नाही, आपण स्त्री असल्यामुळे ‘झ सरे वन्यू’ लिहिताना शेवटी एक जादा ‘ई’ हे अक्षर टाकावे लागेल, आणि परीक्षक ते तपासतात.

‘दव्वार’कडे येतो. ‘इल दवे पार्तीर’ : त्याला जायचे होते, तो जाणार होता. ‘इल आ द्यू पार्तीर’ : त्याला जावे लागले, किंवा संदर्भाप्रमाणे, तो गेला असावा. ‘इल ओरे द्यू पार्तीर’ : त्याने जायला हवे होते, आणि तो गेला नाही. ‘जे व्हायला हवे होते ते झाले नाही’ हे तिसऱ्या वाक्यात गृहीत आहे. मराठी हा भाव ‘हवे होते’ या साध्या भूतकाळातून व्यक्त करते, कारण तो ‘हवे’ या शब्दातच सामावला आहे. ‘दव्वार’मध्ये तो नाही, म्हणून फ्रेंचला तो क्रियापदाच्या रूपातून आणावा लागतो. आपल्यापैकी बरेच जण इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून फ्रेंच शिकतात आणि त्या सवयीने धातुसाधित मुख्य क्रियापदाचे करतात. फ्रेंचमध्ये धातुसाधित ‘दव्वार’चे होते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून ‘झोरे द्यू वनीर’. आणि ‘वनीर’ला एरवी ‘एत्र’ लागत असले, तरी इथे सहायक ‘आव्वार’च, कारण ते ‘दव्वार’चे आहे. ‘पुव्वार’चेही (शकणे) असेच : ‘त्यु ओरे प्यू म प्रेवनीर’, अरे, मला कळवायचे तरी होतेस. हे वाक्य रागाचे आहे, त्यामुळे औपचारिक पत्रात त्याऐवजी ‘झोरे सुएते एत्र आंफोर्मे’, मला कळवले गेले असते तर बरे झाले असते, अशी मांडणी करावी. तक्रार तितकीच स्पष्ट राहते आणि सभ्यताही सुटत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन उत्तम आहे. बातम्यांबद्दल तेवढे लिहिते. तिथले कोंदिसियोनेल हे अपुष्ट माहितीचे चिन्ह आहे. ‘ल स्युस्पे ओरे किते ल पेई’ म्हणजे ‘संशयिताने देश सोडल्याचे समजते’. आपले वार्ताहर ‘समजते’, ‘सांगितले जाते’ असे लिहितात, बोलताना आपण ‘म्हणे’ जोडतो. फ्रेंच पत्रकार ते काम क्रियापदाच्या रूपाने करतो आणि माहितीची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही. त्यामुळे बी२च्या वाचनाच्या उताऱ्यात ‘ओरे’ किंवा ‘सरे’ दिसले आणि जवळपास कुठेही अट नसली, तर ती गोष्ट सिद्ध झालेली नाही असे समजावे. उताऱ्याखालच्या विधानात तीच गोष्ट ठामपणे सांगितली असेल, तर ते विधान चूक ठरते.

लिहिताना एक पथ्य पाळावे. ‘झोरे’ हे भविष्यकाळाचेही रूप आहे. दोन्हींतला शेवटचा स्वर किंचित वेगळा असला, तरी अनेक फ्रेंच भाषक तो सारखाच उच्चारतात. लेखनात मात्र कोंदिसियोनेलच्या रूपाला शेवटी ‘एस’ असतो आणि भविष्यकाळाला नसतो. तो ‘एस’ राहिला, तर ‘मी संपवले असते’चे ‘मी संपवलेले असेल’ होते. शंका आली की कर्ता बदलून ‘नू’ घालून पाहावे : ‘नूज़ोरियों’ म्हणावेसे वाटले तर कोंदिसियोनेल, ‘नूज़ोरों’ म्हणावेसे वाटले तर भविष्यकाळ.