मुलाच्या खिशात जुनं खापर निघालं, परत कसं करू?

सांजवारा:
गेल्या महिन्यात आम्ही अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, बेअर्स इअर्स या राष्ट्रीय स्मारकाला जाऊन आलो. काल कपडे मशीनला लावताना मुलाच्या जॅकेटमधून अंगठ्याएवढं खापर निघालं. राखाडी, बाहेरून चिमटे काढत गेल्यासारखं, करंजीला मुरड घालतो ना, अगदी तसं. मुलगा नऊ वर्षांचा. म्हणतो, "तिथे खूप पडली होती." नवरा म्हणतो, शोकेसमध्ये ठेव. मला रात्रभर चैन नाही. पोस्टाने पाठवू, की पुढच्या सुट्टीत तिथेच टाकून येऊ? आणि त्याला न ओरडता सांगायचं काय?

वाटसरू:
हजारोंतलं एक खापर गेलं तर कुणाचं काय बिघडतं? उगाच बाऊ.

मुक्ता_फीनिक्स:
वाटसरू, असं म्हणणारे हजार जण येऊन गेले की काय उरतं ते मी बघते. इथे ॲरिझोनात मी साइट स्टुअर्ड आहे, म्हणजे पुरातन जागांची बिनपगारी राखणदार. नेमून दिलेल्या जागी जायचं, दर वेळी त्याच ठिकाणांहून फोटो काढायचे, फरक दिसला की कळवायचं. कुणी खणताना दिसलं तर भांडायचं नाही, गुपचूप मागे फिरून फोन करायचा. जागा कुठली, ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिथे एका सपाट दगडावर चाळीसेक खापरं हळदीकुंकवाच्या वाणासारखी मांडलेली सापडली. चोरी नव्हे, कौतुकच. पण कुठलं चुलीपाशी होतं, कुठलं उकिरड्यावर, हे आता कोणी सांगू शकणार नाही. खापर शाबूत आहे, त्याचा पत्ता गेला.

म्हणून सांजवाराताई, स्वतः जाऊन टाकून येऊ नका. नेमकी जागा चुकली तर आणखी घोळ. इथल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट पार्कात लोक पश्चात्तापाची पत्रं लिहून दगड झालेल्या लाकडाचे तुकडे परत पाठवतात. ते मूळ जागी ठेवता येत नाहीत, रस्त्याकडेला त्यांचा ढीग झालाय. तुमच्याकडे निदान आठवण ताजी आहे. ती जमीन ज्या खात्याकडे आहे त्यांच्या स्थानिक ऑफिसला आधी फोन करा, फिरतानाचे फोटो जपून ठेवा. पोस्टाचं तेच सांगतील. खापर धुऊ मात्र नका, त्यावर काजळी असू शकते, तीही पुरावाच.

कायद्याचं थोडक्यात: 1979 च्या कायद्याने सरकारी आणि आदिवासी जमिनीवरची शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. जाणूनबुजून केलं तर पहिल्याच वेळी 10,000 डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभर कैद, किंवा दोन्ही. नऊ वर्षांच्या पोराला कोणी धरत नाही, घाबरू नका.

मुलाला कायदा सांगूच नका. त्या चिमट्यात त्याचं बोट ठेवून बघायला सांगा. ओल्या मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून बोटांनी दाबत ते भांडं केलेलं असतं. साताठशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बोटाची ती जागा आहे, आणि त्या माणसांचे वंशज आज हयात आहेत: होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो लोक, म्हणजे या भागातले मूळ रहिवासी. होपी तर अशा खापरांना पूर्वजांची पावलं मानतात. ती जागा त्यांच्या लेखी ओसाड पडलेली नाही. (गाइड त्या पूर्वजांना 'अनासाझी' म्हणाला असेल. तो नवाहो या दुसऱ्या जमातीचा शब्द, प्वेब्लो लोकांना खटकतो.) बेअर्स इअर्सच्या कारभारात 2022 च्या करारानुसार पाच जमातींचा वाटा आहे, हेही सांगा. म्हणजे माफी कुणाकडे मागायची ते त्याला कळेल.

वाटसरू:
वळ्यांचं माहीत नव्हतं. मला वाटलं चाकावरचं.

मुक्ता_फीनिक्स:
चाक नव्हतंच त्यांच्याकडे. सगळं हाताने.

सांजवारा:
फोन केला. बाई अजिबात रागावल्या नाहीत, फोटो आणि जागेचं वर्णन मागितलं. मुलाने स्वतः नकाशा काढला: गाडी, दोन जुनिपरची झाडं, 'इथे आई धापा टाकत बसली', आणि पुढे फुली. बोट ठेवून बघितलं. म्हणाला, "माझंच बसतंय, म्हणजे लहान मुलगी असेल." काय बोलणार! नकाशा इतका गोड झालाय, थांबा, फोटो टाकते.

मुक्ता_फीनिक्स:
ताई, नको! फुली आहे त्यावर.