मदत हवी आहे: एचिंगमधला म्हातारा हमाल थकलाय की गाडीची वाट बघतोय?

नमस्कार मंडळी,

मी जळगावात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात एका एचिंगवर (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र) दहा मिनिटं बोलायचंय आणि एका जागी अडकलेय.

चित्र वहीच्या पानाएवढं. खाली पेन्सिलीने डावीकडे ४/१५, म्हणजे पंधरा छापांपैकी चौथा, उजवीकडे सही, ती काही केल्या लागत नाही. पोत्यांच्या थप्पीला टेकून एक म्हातारा बसलाय. डोक्याला फडकं, अंगात सदरा, खांद्यावर पोती ओढायचा लोखंडी आकडा. मागे नुसती शाईची पुसट झाक.

सरांच्या मते विषय उघड आहे: आयुष्यभर राबलेल्या माणसाचं असहाय म्हातारपण. मीही तसंच लिहून काढलं होतं. मग चोपड्याला गेले तेव्हा आबांना मोबाइलवर फोटो दाखवला. आबांनी जन्मभर कापसाच्या जिनिंगात हमाली केली. १७० किलोची रुईची गाठ, आकडे लावून चौघांनी ओढायची. त्यांनी फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हाऊ थकेल नई शे. गाडीनी वाट देखी ऱ्हायना." कशावरून, विचारलं तर पायावर बोट ठेवलं. एक टाच उचललेली आहे! आणि काम संपल्यावर आकडा कोणी खांद्यावर ठेवत नाही म्हणे, काढून बाजूला ठेवतात.

तेव्हापासून मला चित्र वेगळंच दिसतंय. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खरं तर बारीक, फिक्या रेषांत आहेत. सगळ्यात काळ्या रेषा बोटांच्या पेरांवर आणि आकड्यावर. हे आपोआप होत नाही. पत्रा ॲसिडमध्ये जितका जास्त वेळ, तितकी रेष खोल जाते आणि तितकी शाई धरते. फिक्या ठेवायच्या रेषांवर मधेच व्हार्निश लावून पत्रा पुन्हा बुडवावा लागतो. म्हणजे चेहरा आधी झाकला आणि हात शेवटपर्यंत ॲसिडमध्ये ठेवले, हे ठरवून केलंय. नुसती दया यावी म्हणून काढलेल्या चित्रात असं कोण करेल?

आणखी एक. सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर आहे आणि आकडा डाव्या खांद्यावर. आधी मला तो डावरा वाटला. पण छापताना चित्र उलटतं, म्हणजे पत्र्यावर खिसा आपल्या जागीच असणार. चित्रकाराने माणसाला समोर बसवून थेट पत्र्यावरच रेखाटलं असेल का?

अडतंय ते हातांपाशी. जर्मन चित्रकार केथे कोलवित्झच्या विणकरांच्या मालिकेत (१८९३–९७) मोर्चाचं एचिंग आहे, त्यात मुठी आवळलेल्या, कुऱ्हाडी हातात. इथे हात मांडीवर सैल पडलेत. टाच एक सांगते, हात दुसरंच सांगतात.

ज्यांनी एचिंग केलंय त्यांनी कृपया रेषांबद्दल आणि उलट्या खिशाबद्दल सांगा. आणि कुणाच्या घरात मालधक्क्यावर किंवा बाजार समितीत हमाली केलेलं कोणी असेल, तर त्यांना एवढं विचाराल का: गाडी यायच्या आधी माणूस असे हात सोडून बसतो का? आबांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, मोबाइलमध्ये बोटं नीट दिसत नाहीत, चित्रच दाखव. बुधवारी त्यांना कॉलेजात घेऊन येतेय. त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.