‘गळती’, ‘टक्केवारी’ आणि लाच देणाऱ्यासाठी शब्द

शाहूपुरीकर :
पेठेतल्या वाचनालयात गरीब देशांतल्या भ्रष्टाचारावर टिपण वाचायचंय. ओळीओळीला ‘भ्रष्टाचार’ येतोय आणि नेमकं काय झालं ते त्यातून कळत नाही. युगांडाचंच बघा. १९९१ ते १९९५ या काळात सरकारनं शाळांसाठी पाठवलेल्या विद्यार्थीनिहाय अनुदानातलं सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचलं. बाकीचं जिल्ह्यालाच अडलं. याला ‘गळती’ म्हणू का?

निपाणीकर :
नका म्हणू. गळतीला कर्ता लागत नाही, नळासारखी ती आपोआप होते. तिथं पुढं पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापल्या जाऊ लागल्या, शाळांत फलकावर लागल्या आणि पोचणारा पैसा ८० टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे अडवणारी माणसंच होती. ‘अपहार’ म्हटलं की पैसा खिशात गेला असा अर्थ होतो. पुस्तकं-खडूचा पैसा भलतीकडं वळवणं त्यात बसत नाही. ‘अफरातफर’ घ्या, त्यात दोन्ही येतं. सोसायटीच्या ऑडिटमुळं आपल्याकडं हा शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे.

शाहूपुरीकर :
पटलं. आता ‘टक्केवारी’. आपल्याकडं हा शब्द ऐकला की रस्त्याचं काम आणि बिल निघायच्या आधी ठरलेला वाटा, एवढंच डोळ्यापुढं येतं. मोझांबिकला तो चालेल? २०१३-१४ मध्ये ट्यूना मासेमारीच्या बोटी आणि किनारा-सुरक्षेच्या नावावर सुमारे २०० कोटी डॉलरचं कर्ज काढलं, त्यातलं बरंचसं संसदेपासून लपवून. २०१६ मध्ये ते उघड झालं, नाणेनिधीनं आणि देणगीदार देशांनी हात आखडता घेतला, चलन कोसळलं. ज्यांनी एक बोट पाहिली नाही, त्यांना महागाई सोसावी लागली.

निपाणीकर :
चालेल म्हणजे काय, तोच शब्द हवा! ते कर्ज जुळवून देणाऱ्या युरोपीय बँकेतल्या अधिकाऱ्यांनीच वाटा घेतल्याची कबुली अमेरिकेच्या कोर्टात दिली. टक्केवारी फक्त गरीब देशातला मंत्रीच खातो हा समज तरी जाईल.

शाहूपुरीकर :
माझा खरा प्रश्न तिथंच आहे. लाचखोर, लाचखाऊ, खाबू. सगळे शब्द घेणाऱ्याचे. देणाऱ्याला नाव काय?

निपाणीकर :
कन्नडातही ‘लंच’ आणि ‘लंचकोर’, तिथंही घेणाराच. ‘लाचदाता’ सुचतो, पण ‘दाता’ला अन्नदात्याचं पुण्य चिकटलंय. तो मला सहन होत नाही. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच कंपन्या करातून वजा करून घेत आणि तिला ‘उपयुक्त खर्च’ म्हणत. असलं गोड नाव आपण कशाला द्यायचं? सरळ ‘पैसे चारणारा’ म्हणा. ‘चारणे’ क्रियापदात देणाऱ्याचा हेतू उघडा पडतो, समोरच्याला तो जनावर समजतो हेही कळतं. आपल्याकडं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं लाच देणं हाही थेट गुन्हा झाला, तेव्हा बातमीतही हा शब्द रुळायला हवा.

शाहूपुरीकर :
मग टिपणातलं वाक्य असं बदलतो : “सीमेन्स या जर्मन कंपनीनं बांगलादेशापासून अर्जेंटिनापर्यंत पैसे चारले आणि २००८ मध्ये अमेरिका व जर्मनीला मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरले.” यातला दंड श्रीमंत देशांच्या तिजोरीत गेला, हे पुढच्याच ओळीत लिहितो.